मॅडम, मी कोणत्या वारात हाय?



दरवेळी मी इथे एखादा पाठ, एखादी कृती किंवा शैक्षणिक साहित्य घेऊन येते. आज माझ्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये झाली, पण तिचा त्रास माझ्या वर्गातल्या एका लेकराला झाला. म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटते. मध्ये थोडं तांत्रिक येईल, पण घाबरू नका. मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, संगणक अभियंता नाही. मला जे कळलं ते आपल्या रोजच्या भाषेत सांगते. शेवटी वर्गात घेता येईल अशी एक कृतीही दिली आहे.

प्रोग्रॅम कसा आला

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, अहमदपूरकडे. नोकरी नांदेड जिल्ह्यात, कंधार-लोह्याच्या बाजूला. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा माझा भाचा नांदेडहून घरी आला होता. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याला 'जावा' ही संगणकाची भाषा अभ्यासाला होती. त्याच्या वहीत डोकावता डोकावता मीही शिकायला लागले. आधी दोन संख्यांची बेरीज, मग पाढे छापणारा प्रोग्रॅम, मग निकालाची टक्केवारी. चुका खूप व्हायच्या, पण जमलं की पोरासारखा आनंद व्हायचा.

शाळा सुरू झाल्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम केला. त्याला नाव दिलं 'वाचन नोंद'. तिसरी-चौथीची मिळून ३१ मुलं. प्रत्येकाचा वाचनाचा स्तर एक्सेलच्या तक्त्यात लिहायचा: अक्षराला १, शब्दाला २, वाक्याला ३, उताऱ्याला ४, गोष्टीला ५. प्रोग्रॅम तो तक्ता वाचतो आणि सोमवार ते शनिवार असे सहा गट पाडतो. ज्या वारी ज्यांचा गट, ती मुलं शेवटच्या तासाला माझ्याजवळ बसून गोष्टीचं पुस्तक वाचतात. यादी छापून भिंतीवर चिकटवायची. मुलांना या तासाची फार ओढ. "मॅडम, आज आमचा वार हाय" असं म्हणत सतरंजी तीच अंथरतात.

२०२१ मध्ये निपुण भारत अभियान आल्यापासून वाचनस्तराच्या नोंदी आपण सगळेच ठेवतो. मी त्या नोंदी लेकरांच्या कामाला लावल्या, एवढंच.

काळ्या खिडकीतली बडबड

प्रोग्रॅम चालतो तेव्हा तो काळ्या खिडकीत काही ना काही लिहीत असतो. 'फाईल उघडली', 'ओळ १ वाचली', 'स्तर ३ मिळाला', 'गटात टाकलं'. अशा नोंदींना लॉग म्हणतात. शब्द जुना आहे. जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकायचे, त्याची नोंद ज्या वहीत व्हायची ते लॉगबुक. आपल्या शाळेतही लॉगबुक असतं, शेरेबुक असतं, आवक-जावक असते. कोण आलं, काय सांगून गेलं, कोणता कागद कधी गेला, हे पुढे बघता यावं म्हणून. प्रोग्रॅमचं लॉगही त्यासाठीच.

जावामध्ये या कामासाठी 'लॉगर' नावाची सोय २००२ पासून भाषेतच आहे. मी ती वापरली, पण अर्धवट शिकून. संपूर्ण प्रोग्रॅमला एकच लॉगर, आणि सगळे निरोप एकाच पातळीचे. ३१ मुलं, प्रत्येकाच्या तीन-चार ओळी. शिवाय एक्सेल वाचायला मी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार लायब्ररी घेतली होती, तिची वेगळी बडबड. दर सोमवारी प्रोग्रॅम चालवला की दीडशेच्या वर ओळी भराभर वर सरकायच्या.

एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी मागून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे काय सुरू झालं? बिघडलं का काय?"

मला लाज वाटली. त्या रात्री घरी बसून एक ओळ लिहिली आणि सगळ्यात वरच्या लॉगरची पातळी 'ऑफ' करून टाकली. दुसऱ्या सोमवारी खिडकी स्वच्छ. एक अक्षर नाही. 'यादी तयार' एवढं मी वेगळं छापत होते, तेवढंच दिसायचं. मला वाटलं, आता कसं नीटनेटकं झालं.

ही २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट.

मी कोणत्या वारात हाय?

दिवाळीनंतर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ऊसतोडीला टोळ्या निघतात. त्या वर्षी माझ्या दोन वर्गांतली दोन मुलं आईबापांबरोबर गेली. एक तिसरीतली मुलगी होती. धाकटा भाऊ सांभाळायला कोणी नाही म्हणून तिला हंगामी वसतिगृहात ठेवता आलं नाही. शिक्षण हमी कार्ड देऊन मी तिला पाठवलं. तक्त्यात दोघांच्या नावापुढे स्तराच्या रकान्यात आकड्याऐवजी 'स्थलांतर' असं लिहून ठेवलं. मला ते साहजिक वाटलं. कागदाच्या रजिस्टरवरही आपण तसंच लिहितो.

पण प्रोग्रॅमला त्या रकान्यात आकडा हवा होता. 'स्थलांतर' हा शब्द त्याला आकडा म्हणून वाचता येईना. असं झालं तर काय करायचं, हे मीच त्याला सांगून ठेवलं होतं: इशारा लिही, ती ओळ सोड, आणि पुढे जा. त्याने ओळ सोडली. इशाराही दिला. पण मी त्याचं तोंडच बंद केलेलं.

मुलगा फेब्रुवारीत परतला. त्याचे वडील शाळेत सांगायला आले, म्हणून मी त्याचा स्तर तपासून तक्त्यात आकडा भरला. मुलगी मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतली. एके दिवशी सकाळी परिपाठाला येऊन रांगेत उभी राहिली. मी हजेरी घेतली, पुस्तकं दिली, आणि मार्चअखेरच्या गडबडीत तक्ता तसाच राहिला.

यादी मात्र दर सोमवारी छापून येत होती. किती छान यादी! सहा वार, प्रत्येक वारी पाच मुलं. एकही गट छोटा नाही, एकही मोठा नाही. सहा पंचे तीस. माझा पट ३१ होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. यादी इतकी नीट दिसत होती की मोजावंसंच वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळची शाळा सुटताना ती माझ्या टेबलाजवळ आली. हातात दप्तर. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी कोणत्या वारात हाय?"

मी म्हणाले, "भिंतीवर बघ की."

"बघितलं. रोज बघायले. नाही तिथं."

तीन आठवडे ती शेवटच्या तासाला व्हरांड्यात बसून गटाची मुलं वाचताना ऐकत होती. उशिरा आल्यामुळे आपल्याला थांबायचं आहे, पुढे कधीतरी नाव लागेल, असं तिला वाटलं होतं. ज्या लेकराला वाचायची सगळ्यात जास्त गरज, तेच माझ्या यादीत नव्हतं. आणि माझ्या प्रोग्रॅमने ते दर सोमवारी मला सांगायचा प्रयत्न केला होता.

"मावशी, सगळ्यांचंच तोंड कशाला बांधलंस?"

त्या रात्री मी 'ऑफ' काढलं आणि प्रोग्रॅम चालवला. पुन्हा तीच बडबड. हळूहळू वर सरकवत गेले. मधोमध एक ओळ: 'वॉर्निंग: ओळ २३, स्तर वाचता आला नाही, ओळ सोडली.' बाकी दीडशे ओळींसारखीच दिसत होती. खरं सांगायचं तर मी लॉग चालू ठेवलं असतं तरी ती मला दिसली असती की नाही, शंकाच आहे.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीन दाखवली.

"काय करायलीस मावशी? सगळ्यांचंच तोंड कशाला बांधलंस?"

"बडबड लई होत होती रे."

"मग बडबड करणाऱ्याला गप्प कर ना. नावं दे लॉगरला. नाव असलं की एकेकाला वेगळं सांगता येतं."

त्याने मला जे समजावलं ते असं.

पहिली गोष्ट, पातळी. जावाच्या या सोयीत निरोपाच्या सात पातळ्या आहेत आणि प्रत्येकीला एक आकडा आहे. सिव्हिअर १०००, वॉर्निंग ९००, इन्फो ८००, कॉन्फिग ७००, फाइन ५००, फायनर ४००, फायनेस्ट ३००. सिव्हिअर म्हणजे गंभीर, वॉर्निंग म्हणजे इशारा, इन्फो म्हणजे साधी माहिती, कॉन्फिग म्हणजे मांडणीबद्दलची माहिती, आणि शेवटच्या तीन म्हणजे बारीक, आणखी बारीक, अगदी बारीक. लॉगरला आपण एक पातळी सांगायची. त्या आकड्याएवढे किंवा त्याहून मोठे निरोप पुढे जातात, लहान गळून पडतात. पिठाची चाळणी आणि रव्याची चाळणी वेगळी असते, तसंच. 'ऑफ' म्हणजे इतका मोठा आकडा की कोणताच निरोप तिथवर पोहोचत नाही. मी रवा नको म्हणून चाळणीवर ताटच पालथं घातलं होतं.

दुसरी गोष्ट, नाव. लॉगरचं नाव टिंबं देऊन लिहितात. टिंबाच्या आधीचं नाव हे पालकाचं. मी अशी नावं ठरवली:

शाळा
शाळा.वाचन
शाळा.वाचन.आयात
शाळा.वाचन.गट
शाळा.छपाई

'आयात' म्हणजे एक्सेल वाचण्याचं काम, 'गट' म्हणजे गट पाडण्याचं, 'छपाई' म्हणजे यादी छापण्याचं. शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा अशी आपली उतरंड असते ना, तसंच हे. एखाद्या लॉगरला स्वतःची पातळी दिलीच नाही, तर तो पालकाची घेतो. पालकालाही नसेल तर आज्याची. सगळ्यांच्या वर एक मूळ लॉगर असतो, त्याला नावच नसतं, आणि त्याची पातळी आपण काही केलं नाही तर इन्फो असते. घरात एखाद्या पोराला वेगळी सूट दिलेली नसेल तर घराचा नियम लागू, इतकं सोपं.

त्या तयार लायब्ररीच्या लॉगरांनाही नावं होतीच. सगळी 'ऑर्ग' या आडनावाने सुरू होणारी. त्या एका नावाला पातळी दिली की तिच्या सगळ्या खानदानाची बडबड आटोक्यात. माझ्या 'शाळा'ला धक्काही लागत नाही.

तिसरी गोष्ट, हे सगळं प्रोग्रॅममध्ये न लिहिता एका छोट्या साध्या फाईलमध्ये लिहिता येतं. प्रोग्रॅम सुरू करताना ती फाईल कुठे आहे ते सांगायचं. मग पातळी बदलायला प्रोग्रॅम उघडावा लागत नाही, फाईलमधला एक शब्द बदलला की झालं. एक सूचना: त्या फाईलमध्ये देवनागरी थेट लिहिली तर ती नीट वाचली जात नाही. म्हणून तिथे मी ही नावं रोमन अक्षरांत लिहिली. इथे तुमच्यासाठी मराठीत दिली आहेत.

दोन दारं

इथे मी पुन्हा अडकले, आणि शिकायला निघालेले बहुतेक जण इथेच अडकतात म्हणून सांगते.

'शाळा.वाचन.आयात'ची पातळी मी फाइन केली. म्हणजे बारीक निरोपही दिसायला हवेत. प्रोग्रॅम चालवला. काहीच दिसेना. तासभर डोकं धरून बसले.

कारण असं की निरोपाला दोन दारं असतात. पहिलं दार लॉगरचं. दुसरं दार जिथे निरोप लिहिला जातो त्याचं, त्याला 'हँडलर' म्हणतात. काळ्या खिडकीचा एक हँडलर, फाईलमध्ये लिहिणारा दुसरा. प्रत्येकाला स्वतःची पातळी. खिडकीचा हँडलर मुळात इन्फोवर असतो. माझा बारीक निरोप पहिल्या दारातून बाहेर पडत होता आणि दुसऱ्या दारात अडत होता.

आणखी एक गंमत. मला वाटलं होतं की 'शाळा'ची पातळी वॉर्निंग ठेवली तर खालून आलेला फाइन निरोप तिथे अडेल. आपल्या कार्यालयात तसंच होतं. शाळेने पाठवलेला कागद केंद्रात अडू शकतो, तालुक्यात अडू शकतो. जावात तसं नाही. लेकराला स्वतःची पातळी दिलेली असेल तर त्याचा निरोप पालकाची पातळी न विचारता थेट पालकाच्या हँडलरपर्यंत जातो. पालकाची पातळी फक्त ज्याला स्वतःची नाही त्याच्यासाठी. उतरंडीची उपमा इथपर्यंतच चालते, पुढे चालत नाही.

हे कळल्यावर मी मांडणी अशी केली. 'शाळा' फाइनवर, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने सगळं बोलावं. 'ऑर्ग' सिव्हिअरवर, म्हणजे लायब्ररीने फक्त गंभीर तेवढंच सांगावं. खिडकीचा हँडलर वॉर्निंगवर, म्हणजे मला समोर फक्त इशारे दिसावेत. आणि फाईलचा हँडलर फाइनवर, म्हणजे बाकी सगळं वहीत राहावं, लागलं तर बघता यावं.

सोमवारी प्रोग्रॅम चालवला. काळ्या खिडकीत एकच ओळ: ओळ २३.

एकच ओळ असली की ती वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आणखी तीन सुधारणा केल्या. एक, 'स्थलांतर' ही आता प्रोग्रॅमच्या लेखी चूक नाही. ती मुलाची स्थिती आहे, आणि यादीच्या खाली 'परतले का ते बघा' म्हणून ती नावं वेगळी छापली जातात. दोन, शेवटी हिशेब येतो: पट ३१, गटात इतके, बाहेर इतके. पोषण आहाराचा हिशेब आपण रोज जुळवतो, तसाच. तीन, लॉगमध्ये मुलांची नावं मी लिहीत नाही. फक्त दाखल-खारीज रजिस्टरचा नंबर. ती फाईल कुणाच्या हाती लागली तर कोणतं लेकरू वाचनात मागे आहे हे गावभर व्हायला नको.

जमिनीचं लॉग

त्याच आठवड्यात, २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास, नांदेड भागात जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. आपल्याकडे अशा वेळी पहिला शब्द निघतो तो किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो.

किल्लारी भागात त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के जाणवले होते. लहान धक्क्यानंतर मोठा येतोच असं मुळीच नाही, आणि भूकंप आधी सांगता येत नाही. म्हणून कुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण भूकंपमापक यंत्राकडून शिकण्यासारखं आहे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते नोंद करतं. प्रत्येक केंद्राला स्वतःचं नाव असतं, त्यामुळे नोंद कुठून आली ते कळतं. सगळं नोंदवलं जातं, पण सगळं बातमीत येत नाही. काय नोंदवायचं आणि काय समोर आणायचं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. माझ्या लॉगरची आणि हँडलरची दोन दारं म्हणजे हेच. मी दोन्ही निर्णय एकाच बटणाने घेतले होते.

वर्गात करून पाहा

ही कृती मी चौथीला गणितात 'लहान-मोठी संख्या' शिकवताना घेते. संगणक लागत नाही.

१. पाच मुलांना पुढे बोलवा. गळ्यात पाट्या अडकवा: शाळा, शाळा.वाचन, शाळा.वाचन.आयात, शाळा.छपाई. पाचवं मूल फळ्याजवळ खडू घेऊन उभं राहील.

२. 'शाळा'च्या हातात ९०० चं कार्ड द्या. 'शाळा.छपाई'ला ५०० चं. 'शाळा.वाचन' आणि 'शाळा.वाचन.आयात' यांचे हात रिकामे. फळ्याजवळच्या मुलाला ८०० चं.

३. चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव, एक आकडा, एक निरोप. उदाहरणार्थ, 'शाळा.वाचन.आयात, ९००, ओळ सुटली' किंवा 'शाळा.छपाई, ५००, कागद लावला'.

४. चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याने आपलं कार्ड बघायचं. कार्ड नसेल तर पालकाकडे बघायचं. तिथेही नसेल तर त्याच्या पालकाकडे. चिठ्ठीचा आकडा कार्डाएवढा किंवा मोठा असेल तर चिठ्ठी थेट फळ्याजवळच्या मुलाकडे जाईल. तो आपलं कार्ड बघून ठरवेल, लिहायचं की नाही.

'शाळा.छपाई'ची ५०० ची चिठ्ठी पहिल्या दारातून जाते आणि फळ्याजवळ अडते, तेव्हा मुलं जोरात ओरडतात. मग विचारा, "हा निरोप फळ्यावर यायला हवा असेल तर कुणाचं कार्ड बदलायचं?" पहिल्यांदा बहुतेक जण 'शाळा.छपाई'कडे बोट दाखवतात. एखादं लेकरू फळ्याकडे दाखवतं. तिथून चर्चा आपोआप चालते.

शेवटी कार्डं तुम्ही ठरवू नका, मुलांना ठरवू द्या. "कुणाचं किती ऐकायचं?" यावर त्यांची मतं ऐकण्यासारखी असतात.

वर्गातला आवाज

ही चूक झाल्यापासून मी माझ्या वर्गाकडे जरा वेगळं बघते. दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतं, "मॅडम, यानं माझी पेन्सिल घेतली", "मॅडम, ती मला ढकलायली". आपण वैतागतो आणि म्हणतो, "गप्प बसा सगळे!" तेच माझं 'ऑफ'. त्या आरड्याओरड्यात एखादं लेकरू हळूच सांगत असतं की पोट दुखतंय, सकाळपासून खाल्लं नाही, बाप उद्या गावाला घेऊन जाणार आहे. गप्प बसा म्हटल्यावर पेन्सिलवालं दोन मिनिटांत पुन्हा बोलतं. हे लेकरू पुन्हा बोलत नाही.

म्हणून आता मी माझ्या टाचण वहीच्या मागच्या पानावर चार-पाच नावं लिहिते. ही मुलं काही बोलली, अगदी बारीक आवाजात बोलली, तरी हातातलं काम ठेवून ऐकायचं. जी रोज दहा तक्रारी आणतात त्यांचंही ऐकते, पण सुट्टीत, एकदम. दर महिन्याला ती नावं बदलते, कारण गप्प राहणारी मुलं नेहमी तीच नसतात.

पालकांनो, तुमच्याही खिशात हेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळ संदेशांना कंटाळून आपण पूर्ण फोन सायलेंट करतो. मग शाळेच्या ग्रुपवरची शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीखही त्यातच बुडते. ज्या ग्रुपवर बडबड आहे तेवढाच म्यूट करता येतो. शाळेचा ग्रुप चालू राहू द्या. आणि आम्हा शिक्षकांनाही सांगते, शाळेच्या ग्रुपवर आपणही शुभेच्छांची चित्रं कमी टाकूया. सगळंच एका पातळीवर टाकलं तर पालक कसं ओळखणार, महत्त्वाचं कोणतं?

ओळ २३

त्या सोमवारी मी यादी छापण्याआधी तिला जवळ बोलावलं. तिचा स्तर तपासला. जाताना ती वाक्यापर्यंत पोहोचली होती, आता शब्दावर अडत होती. चार महिने पुस्तक हातात नव्हतं, त्यामुळे नवल नाही. मी तिची माफी मागितली. लेकरांची माफी मागायची सवय आपल्याला नसते, जीभ जड होते. ती फक्त एवढंच म्हणाली, "मग माझा वार कोणता?"

मी म्हणाले, "तूच सांग."

तिने गुरुवार निवडला. तिची मैत्रीण गुरुवारी होती. प्रोग्रॅमने तिला स्तराप्रमाणे मंगळवारच्या गटात घातलं असतं, पण मी यादीत हाताने दुरुस्ती केली. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं रोज तिच्यासाठी ठेवली. सुट्टी लागायच्या आत ती पुन्हा वाक्यावर आली. उतारा राहिला. तो चौथीत आला. गेलेले तीन आठवडे मात्र मला भरून देता आले नाहीत, तेवढ्यात ती आणखी पुढे गेली असती, हे मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणी जावा शिकत असेल तर नावाचे लॉगर पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखं उशिरा नको. आणि प्रोग्रॅमशी काही संबंध नसेल तरी एक काम आज करा. तुमच्या भिंतीवर जी कोणती यादी लावलेली असेल, गटांची, परिपाठाची, वाचनाची, ती मोजा. पटाशी जुळवा. जुळली नाही तर कोण राहिलंय ते मुलांना विचारा. त्यांना ते आपल्याआधी माहीत असतं.

तुमच्या वर्गात असं काही घडलं असेल तर नक्की कळवा.